सांडशी : नऊ महिने वापरली, दूध उतरवायला कमी आणि नळ पिळायला जास्त

दिवाळीच्या आधी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून ११० रुपयांना स्टीलची सांडशी आणली. नऊ इंची, जाड पत्र्याची. पातेलं धरते का, तर धरते. त्यावर जास्त लिहायची गरज नाही, सगळ्याच धरतात.

माझ्या घरात मात्र सांडशी म्हणजे पाना, पक्कड, चिमटा, सगळं तीच. नळाचा वायसर बदलायला माणूस बोलावला तर तो तीनशे घेतो आणि ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस येत नाही. २०१९ च्या महापुरात टँकरमागं घागर घेऊन पळालेय मी, तेव्हापासून टिपटिपणारा नळ बघवत नाही. मग काय, मेन कॉक बंद केला, सांडशीनं नळाचं डोकं पिळून काढलं, दहा रुपयांचा वायसर घातला. लेक म्हणाली, “मम्मी, मी धरतो, तू पीळ.” वीस मिनिटांत काम.

एक मात्र आहे. सांडशीच्या तोंडाला दाते नसतात, त्यामुळं नटावरून ती घसरते आणि नटाचे कोपरे गोल होतात. पहिल्या नळाचं पॉलिश मी असंच घालवलं. आता सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा नटाला गुंडाळून मग धरते. ओरखडा नाही, घसरणं नाही. बाकीचे प्रयोगही सांगून टाकते : बत्त्यानं खिळा ठोकला तर भिंतीचा पोपडा निघतो, सुरीनं स्क्रू पिळला तर सुरीचं टोक जातं. लाटण्याला हात लावायची सोय नाही, सासूबाई आहेत. सांडशीला तोड नाही, असं माझं मत फाल्गुनापर्यंत होतं.

फाल्गुनात आमच्याकडं वर्षाची चटणी. मिरची कांडायला डंकावर जाते, पण खोबरं-लसूण मी घरीच मिक्सरला काढते. ऐन त्यात मिक्सरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती दातेरी चकती, झिजला. भांडं घुर्रर्र करतंय, पातं जागचं हलत नाही. नवा कपलर साठ रुपयांचा. प्लग काढला, मशीन आडवं पाडलं, खालून मोटरच्या दांड्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून लेकीला धरायला दिला आणि वरून सांडशीनं कपलर पिळायला लागले. हलेना. जोर लावला. आणखी जोर लावला. टक् आवाज झाला आणि सांडशीचा एक पाय माझ्या हातात, दुसरा फ्रिजखाली.

दोन्ही पाय जोडणारी मधली रिपीट (रिव्हेट) तुटली होती. उचलून बघितली तर आतून पोकळ! शाईपेनच्या टोपणासारखी. एवढ्या जाड पत्र्याला धरून ठेवायला पोकळ रिपीट? माझा सगळा राग या मसुराएवढ्या तुकड्यावर आहे आणि पुढंही राहील.

दुकानात गेले तर मालक म्हणतो, “वहिनी, ही सांडशी हाय, पाना न्हवं.” पाना म्हणून वापरू नये असं कुठं लिहिलंय, विचारलं. तो हसला आणि नवीन १३० ला दाखवली. तिच्यातही तीच रिपीट. पाच मिनिटं वाद घालून तुटकी घेऊनच परत आले.

तिथून थेट उद्यमनगर. एका लेथवाल्या मामांनी दोन्ही पाय हातात घेतले आणि न विचारता हिशोब सांगितला. रिपीटपासून मूठ सहा इंच, तोंड दोन इंच. तुमचा हाताचा जोर दहा किलो असला तर तोंडाला तीस पडतो आणि मधल्या पिनला दोन्हींची बेरीज, चाळीस. म्हणून आधी पिन जाते. मग भोक मोठं करून सहा एमएमचा बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेला नट बसवला. वीस रुपये. वर विचारलं, “कपलर कुठल्या बाजूनं फिरवत होता?” मी दाखवलं. ते म्हणाले, उलटे आटे असतात त्याला, मोटर फिरेल तसा आवळत जावा म्हणून. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता.

घरी येऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला. सुटला की लगेच! म्हणजे निम्मी चूक माझी. निम्मीच. भरीव रिपीट असती तर टिकली असती, हे मी मामांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

बोल्टाची सांडशी मूळच्यापेक्षा चांगली निघाली, हे मान्य करते. सांध्यात दुधाची साय अडकून वास यायचा, तो गेला. महिन्यातून एकदा बोल्ट काढून दोन्ही पाय वेगळे घासता येतात. ही सोय दुकानातल्या एकाही सांडशीला नाही.

एका ठिकाणी मात्र ती वापरू नका : गॅसचा रेग्युलेटर. मी एकदा वापरली आणि सिलिंडरवाल्या दादांची बोलणी खाल्ली. तो हातानंच बसला पाहिजे, अडला तर एजन्सीला सांगायचं, आणि वास आला तर १९०६ ला फोन. तिथं तीनशे रुपये वाचवायला जाऊ नये.

पाचपैकी चार. एक रिपीटचा कापला.

बोल्ट काढायला-आवळायला दहा नंबरचा पाना लागतो, तो शेवटी विकत आणावा लागला, नव्वद रुपये. ‘म्हणजे पाना वाचवायला घेतलेल्या सांडशीसाठी पाना आणलास,’ असं आमचे हे रोज एकदा म्हणतात. तो ओट्यावर सांडशीच्या शेजारच्याच खिळ्याला अडकवलाय. काल सकाळी चहाचं पातेलं उतरवायला सासूबाईंनी चष्मा न लावता तोच उचलला.