नोटाचं बटण : बजर वाजतो, पण कॉन्टॅक्टर ओढत नाही

पाचपैकी अडीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतले लोक सुटले.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करतो. शेतीपंपाच्या, पिठाच्या चक्कीच्या, चटणीच्या डंकाच्या मोटारी. एकतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक जळकी मोटार घेऊन दारात आलं की मी पहिल्यांदा एकच विचारतो, "बटण दाबल्यावर काय होतंय?" दिवा लागतोय का, गुणगुणतीय का, की फिरतीय पण पाणीच ओढत नाही? निम्मा रोग तिथंच कळतो. लोक मिक्सरचं, गिझरचं परीक्षण लिहितात. मग मतदान यंत्राच्या तळाशी असलेल्या 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा, ह्या बटणाचं कुणी का लिहीत नाही? मी ते आजवर चार निवडणुकांत दाबलंय, तेव्हा लिहायचा हक्क मला आहे असं धरून चालतो.

बांधणीला नाव ठेवायला जागा नाही. यंत्रं दोन सरकारी कंपन्या बनवतात, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. बॅटरीवर चालतं, त्यामुळं शाळेची लाईट गेली तरी मतदान थांबत नाही. माझ्या धंद्यातला माणूस ह्या गोष्टीला मान देतो. एका मतदान यंत्रावर सोळा बटणं. उमेदवार जास्त झाले की शेजारी दुसरं यंत्र जोडतात. 2024 च्या लोकसभेला आमच्याकडं तसंच झालं होतं आणि नोटा दुसऱ्या यंत्रावर गेला होता. माझ्या पुढं लाईनीत असलेल्या एका म्हातारबाबांना तो सापडला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "शेवटचं बटण दाबलं बाबा, पण तिथं कुणाचा तरी फोटो होता." पहिल्या यंत्राचं शेवटचं दाबून आले होते. कुठल्या अपक्षाला ते एक मत पडलं असेल, त्याला बिचाऱ्याला किती आनंद झाला असेल.

चिन्ह 2015 साली आलं. मतपत्रिकेवर काळी फुली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं काढलंय. बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि तुटून खाली पडते. आपल्याच मतावर फुली मारलेली सात सेकंद बघत उभं राहायचं, हे मला दर वेळी जरा विचित्र वाटतं. चुकलेलं गणित मास्तरांनी परत केल्यासारखं.

ज्यांना हे बटण फुकटचं वाटतं त्यांच्यासाठी आधीचं मॉडेल कसं होतं ते सांगतो. माझे वडील कागदी मतपत्रिकेच्या काळातले. कुणीच पटलं नाही तर दोघांच्या नावांवर शिक्का मारून यायचे. मत बाद. घरी येऊन म्हणायचे, "दोघांनाबी आशीर्वाद दिला." यंत्र आलं आणि ती सोय गेली, कारण यंत्र एकच बटण घेतं. मग राहिला नियम 49-ओ. 2009 च्या विधानसभेला मी तो वापरायला गेलो होतो. रजिस्टरवर सही झाली, बोटाला शाई लागली, आणि मी केंद्राध्यक्षांना म्हणालो, "साहेब, मला कुणालाच मत द्यायचं नाही, तशी नोंद करा." ते बिचारे सकाळी सातपासून बसलेले. म्हणाले, "असं कसं? आत जावा आणि दाबा काहीतरी." मी नियमाचा नंबर सांगितला. पुस्तिका काढली, पानं उलटली, आणि तेवढ्या वेळात बाकावर बसलेले सगळ्या पक्षांचे एजंट मान वळवून माझ्याकडं बघत होते. त्यातला एक आमच्याच गल्लीतला. शेवटी रजिस्टरात माझ्या नावापुढं शेरा मारून परत सही घेतली. म्हणजे मी कुणालाच मत दिलं नाही हे लेखी, सहीनिशी, चारचौघांत. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तो एजंट म्हणाला, "काय मामा, आमी कोणच चालत नाय व्हय तुमास्नी?" हसत म्हणाला, पण पुढं दोन वर्षं त्याच्या घरची मोटार दुसऱ्याकडं भरायला जायची.

27 सप्टेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं पीयूसीएल ह्या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला तो नेमका ह्याच दुखण्यावर: नकार देणाऱ्याचंही मत गुप्त राहिलं पाहिजे. त्याच वर्षीच्या दिल्ली, मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि मिझोरामच्या विधानसभांना बटण बसलं. आम्हाला ते 2014 च्या लोकसभेला मिळालं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा खरं सांगतो, बरं वाटलं. कुणी मान वळवली नाही. अडीचपैकी दीड गुण ह्या गुप्ततेचे.

आता रोग.

मोटारीच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल भरते, कॉन्टॅक्टर खट्‌कन ओढला जातो आणि मग मोटार फिरते. बटण म्हणजे फक्त इशारा, काम कॉन्टॅक्टर करतो. लोकसभा-विधानसभेच्या नोटाचं मी आत उघडून बघितलं, म्हणजे नियम वाचले, तर काय? दिवा लागतो, बजर वाजतो, चिठ्ठी पडते, मोजणीत आकडा येतो. कॉन्टॅक्टर बसवलेलाच नाही. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त, तो निवडून येतो. अनामत जप्त करताना एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा बघतात, त्या वैध मतांतही नोटा धरत नाहीत. म्हणजे पाडता येत नाही ते नाहीच, पण अनामतीचं ओझंही वाढत नाही.

इंदूरला 2024 च्या लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी माघार घेतली, पक्षानं नोटाचा प्रचार केला आणि नोटाला 2 लाख 18 हजार 674 मतं पडली. देशातला विक्रम. जिंकणाऱ्याला बारा लाखांवर पडली, तो खासदार झाला, विषय संपला. आपल्याकडं 2022 ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत नोटा दुसरा आला, 12,806 मतं. त्याआधी 2019 ला लातूर ग्रामीणमध्येही दुसरा. दुसऱ्या नंबरला खुर्ची नसते. आणि उमेदवार बिनविरोध झाला तर बटण दाबायचाच प्रश्न नाही. सुरतेत 2024 ला तसंच झालं, मतदानच नाही.

एवढं कळूनही मी 2019 च्या आणि 2024 च्या विधानसभेला तेच दाबलं. 2024 चं कारण सांगतो. 2019 नंतर महाराष्ट्रात काय झालं ते तुम्ही बघितलंय. कोण कुणाबरोबर झोपला आणि कुणाबरोबर उठला, पक्ष फुटले, चिन्हं वाटली गेली. आमचा मतदारसंघ कोल्हापूर उत्तर. 2024 ला माघारीच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारानंच अर्ज काढून घेतला आणि हाताचं चिन्ह यंत्रावरच उरलं नाही. मला त्या पक्षाचं प्रेम नाही, दुसऱ्याचंही नाही. पण गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय दुकानदारानं फळीवरचा माल उचलावा, तसं वाटलं. रागानं दाबलं. राग होता, बजर वाजला, घरी आलो.

बायकोचं मत वेगळं. "तुमचं आपलं लग्नात जेवायला जाऊन उपाशी येण्यासारखं," ती म्हणते. ती दर वेळी कुणाला तरी देते. कुणाला, ते तीस वर्षांत सांगितलेलं नाही.

दुकानात ह्यावर रोज वाद. माझ्या हाताखालचं पोरगं तेवीस वर्षांचं. ते मतदानाला जातच नव्हतं. "एवढ्या उन्हात लाईन लावून कुणालाच नाय म्हणून आलासा व्हय मामा? त्यापरीस घरात झोपलेलं काय वाईट?" त्याचं म्हणणं, कोल्हापूरचा टोल गेला तो बटणानं नाही, रस्त्यावर उतरून गेला. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे पुढं आणि सगळं शहर मागं. हे खरंच आहे, मीही त्या मोर्च्यांत होतो. करवीरकडचं एक गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं. त्याची कॉलर आधीच ताठ, कारण 2024 च्या विधानसभेला करवीरमध्ये 84 टक्क्यांच्या वर मतदान, राज्यात पहिला नंबर. ते म्हणालं, "आरं, मोर्चा न्यायला कुणाचं तरी दार लागतंय का नाय? दाराला पाटी लागतीय ती मतानंच की."

पोरगं गप्प बसलं नाही, पण मी बसलो. कारण त्या वेळी आम्ही दाराशिवायच राहत होतो. महापालिकेची निवडणूक 2015 ला झाली होती. नोव्हेंबर 2020 ला मुदत संपली, त्यानंतर प्रशासक. पाच वर्षं शहराला नगरसेवक नाही. पहिल्यांदा मलाही वाटलं, बरं झालं, कटकट गेली. मग आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. आधीचा नगरसेवक मला अजिबात आवडायचा नाही. मी त्याला मतही दिलं नव्हतं. पण चेंबर तुंबलं की सकाळी सातला त्याच्या दारात जाऊन आवाज द्यायचो आणि तो बनियनवर बाहेर येऊन फोन लावायचा, कारण खाली उभ्या माणसाच्या घरात पाच मतं आहेत हे त्याला पाठ होतं. प्रशासकाच्या काळात अर्ज दिला, पोच मिळाली. दुसरा अर्ज, दुसरी पोच. साहेब वाईट होते असं नाही, पण त्यांना आमच्या पाच मतांशी काय देणंघेणं? नावडता का असेना, गळपट्टी धरायला माणूस पाहिजे, हे मला ह्या पाच वर्षांत त्या चेंबरच्या वासानं शिकवलं. त्यामुळं "कोणताच पक्ष पटत नाही, मग मत कशाला" असं कुणी म्हटलं की मी आता विचारतो, पटण्याचा काय संबंध? जावई बघायचा नाही आपल्याला. तुंबल्यावर कुणाच्या दारात जायचं ते ठरवायचंय.

मग 15 जानेवारी 2026. महापालिका एकदाची लागली. इथं बटणाचं वेगळं मॉडेल आहे आणि माझे राहिलेले गुण त्याला. राज्य निवडणूक आयोगानं 2018 ला आदेश काढला की स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटाला काल्पनिक उमेदवार धरायचं. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. म्हणजे कॉन्टॅक्टर आहे! अर्थात आपल्या धंद्यात म्हणतात तसा लोकल मालाचा. फेरनिवडणूक एकदाच, आणि तेच उमेदवार परत उभे राहू शकतात. एकदा खट्‌कन ओढणार, पुढं परत सोडून देणार. तरी जोडलेला आहे.

दुसरी सोय म्हणजे प्रभाग पद्धत. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीला वेगळं बटण आणि प्रत्येकीला स्वतंत्र नोटा. लोक ह्या पद्धतीला शिव्या देतात, मीही देतो, कारण चार नगरसेवक म्हणजे चेंबर तुंबल्यावर चौघं एकमेकांकडं बोट दाखवणार. पण ज्याला कुठलाच पक्ष पटत नाही त्याला ही थाळी सोयीची. दोन जागांवर मला काम करतील अशी माणसं दिसली, दोन वेगवेगळ्या पक्षांची. त्यांना दिलं. राहिलेल्या दोन जागांवर नोटा. आयुष्यात पहिल्यांदा मला केंद्रातून बाहेर पडताना राग पण नव्हता आणि उपाशी पण वाटत नव्हतं. वेळ थोडा जास्त लागतो, मागचे लोक ओरडतात. ओरडू देत.

किरकोळ गोष्टी. आमच्या शाळेत उतार केलेला होता, पण व्हीलचेअर एकच. पाण्याचा माठ होता, पेला नव्हता. मोबाईल आत न्यायचा नाही हे माहीत असूनही दर वेळी दारात दहा जण अडतात, तेव्हा घरीच ठेवून जा. शाईचं म्हणाल तर लोकसभेची ती म्हैसूरची बाटलीतली शाई नखावर दोन-तीन महिने ठाण मांडते. माझ्या हाताला वार्निश आणि तांब्याची तार रोजची, तरी हटली नाही. ह्या महापालिकेला मार्करनं रेघ ओढली, तिला तो रुबाब नव्हता.

एका मिसळवाल्यानं शाई दाखवणाऱ्याला दहा टक्के सूट ठेवली होती. पोराला घेऊन गेलो. कट चांगला होता, पाव जरा शिळे. गल्ल्यावरच्या माणसानं बोट बघितलं आणि सूट दिली, दोन जागांवर नोटा आहे म्हणून पाच टक्के केली नाही. पोरानं हात खिशातून काढला तर त्याच्याही बोटाला रेघ. मी काही विचारलं नाही. तेच म्हणालं, "आयनं सकाळी दारातनं हाकललं."

मी ज्या दोन जागांवर नोटा दाबला, त्यातल्या एकीवर निवडून आलेला आमच्या घरापासून चौथ्या बोळात राहतो. परवा चेंबर परत भरलं. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, माणूस पाठवतो." माणूस आलेला नाही. आज सकाळी सातला त्याच्या दारात गेलो होतो. झोपलाय म्हणाले. मी पायरीवर बसलो, त्याच्या आईनं चहा दिला.