दादाच्या गोळ्या : डबी भरणाऱ्या बहिणीचा अभिप्राय

'वरच्या मजल्यावरचे मला शिव्या देतात,' असं दादा म्हणायचा. आमच्या वर मजलाच नाही, थेट गच्ची. स्किझोफ्रेनियाच्या 18 वर्षांत घरात चार औषधं येऊन गेली. मी डॉक्टर नाही, आठवड्याची डबी मी भरते.

पहिलं हॅलोपेरिडॉल, 1958 सालचं जुनं खोड. मेंदूत डोपामिन नावाचं निरोप नेणारं रसायन जिथे जाऊन बसतं त्या डी-2 जागा हे अडवतं. वरचे गप्प झाले खरे, पण चालताना दादाचे हात हलेनात आणि सही मुंगीएवढी झाली. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडून जे होतं, ते इथे गोळीनं झालं. दोन तारे.

ओलान्झापिन डी-2 सोबत सेरोटोनिन आणि हिस्टामिन या आणखी दोन रसायनांच्याही जागा धरतं. हात मोकळे झाले, झोप लागली, आणि भूक तर विचारू नका! जेवून उठलेला माणूस रात्री अकराला भाकरीचा डबा उघडायचा. आठ महिन्यांत 14 किलो. अडीच.

मग ॲरिपिप्राझोल. हे डोपामिनचा नळ बंद करत नाही, बारीक ठेवतं. वजन उतरलं, पण दादाला बसवेना. ताटावरून चारदा उठायचा, रात्री दोनला गॅलरीत फेऱ्या. आम्हाला वाटलं आजार उसळला. डॉक्टरांनी नुसते पाय बघून 'अकाथिसिया' म्हटलं, म्हणजे गोळीनं येणारी, बसू न देणारी अस्वस्थता. एक तारा, तोही दादापुरता. ओळखीतल्या एका मुलीला हेच छान मानवलंय.

आता क्लोझापिन. इतर औषधं हरली की मगच हे देतात, कारण यानं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. 1975 मध्ये फिनलंडमध्ये त्यापायी माणसं गेली होती. म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासलं. दोन दिवस गोळी चुकली तर पुन्हा अगदी छोट्या डोसपासून सुरुवात. त्यामुळे मेडिकलवाल्यानं एकदा 100 ऐवजी 25 ची स्ट्रिप दिली तेव्हा मी रात्री नऊला त्याचं अर्धं ओढलेलं शटर बडवलं होतं. दादानं सिगारेट सोडली तेव्हा डोस कमी करावा लागला, कारण धुरानं हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. झोपेत लाळ गळते, उशीवर जुना पंचा घालते. रोज इसबगोल.

'वरचे आहेत का रे अजून?' परवा विचारलं.

'आहेत. हळू बोलतात.'

तारे किती देऊ म्हटलं, तर म्हणाला, 'चार लिही. एक उशीचा काप.'