बंद घर: किल्ली शेजारी ठेवावी की कॅमेरा लावावा?

आठ-पंधरा दिवस गावाला जायचं ठरलं की सांगलीत दोन सल्ले हमखास मिळतात. थोरली माणसं म्हणतात, किल्ली शेजारी ठेवा. पोरं म्हणतात, वायफाय कॅमेरा लावा आणि मोबाइलवर घर बघत बसा. दोन्ही जमलं तर उत्तमच. पण एकच करायचं असेल तर आमचा कौल किल्लीला. कॅमेरा सांगतो फक्त. करायला माणूसच लागतो.

कॅमेऱ्याची खरी गोची विजेची. वळवाच्या दिवसांत दुपारी वारं सुटलं की लाइट जाते, आणि कॅमेरा, राउटर, फायबरचा डबा तिन्ही एकदम गप्प. इन्व्हर्टरवर घेतले तर तिन्ही मिळून २०-२५ वॅट खातात, इन्व्हर्टर स्वतः १०-१५. त्या हिशेबाने १५० एएचची धडधाकट बॅटरी सव्वा-दीड दिवस पुरते. घोटाळा होतो तो निघताना. लोक मेन स्विच पाडतात आणि इन्व्हर्टर तसाच चालू राहतो. त्याच्या लेखी लाइट गेलेली असते, म्हणून तो बॅटरी पार रिकामी करतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशी पंधरा दिवस पडली की प्लेटांवर सल्फेट धरतं. परतल्यावर चार्जिंग पूर्ण झाल्यासारखं दिसतं, पण लाइट गेली की पंखा काही मिनिटांत बंद.

म्हणून कॅमेरा चालवायचा असेल तर मेन चालू ठेवा आणि गीझर, एसी, पाण्याची मोटर, टीव्ही यांचे एमसीबी (बोर्डातले छोटे स्विच) तेवढे पाडा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आधीच भरून घ्या. कॅमेरा नसेल तर आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन.

फ्रिजचंही उत्तर याच निवडीवर ठरतं. किल्ली कुणाकडे असेल तर फ्रिज चालू ठेवायला हरकत नाही. ईएलसीबी (करंट गळला की घरची लाइट तोडणारा स्विच) पडला तर कोणीतरी येऊन चढवेल. नुसता कॅमेरा असेल तर ईएलसीबी पडताच, किंवा इन्व्हर्टर असेल तर बॅटरी संपली की, तोही जातो आणि तुम्ही लांबून फक्त ‘ऑफलाइन’ वाचत बसता. त्यापेक्षा फ्रिज रिकामा करा, पुसून कोरडा करा आणि दारात नॅपकिनची घडी अडकवून फट ठेवा. दार घट्ट लावलेला बंद फ्रिज आठवड्यात बुरशी धरतो.

चोरीच्या बाबतीत कॅमेऱ्याला थोडे जास्त मार्क द्यावे लागतील. दर्शनी भागात कॅमेरा दिसला की भुरटा बिचकतो. मात्र मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असतं; कॅमेरा उपटून नेला की पुरावाही गेला. तेव्हा शिडीशिवाय हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर लावा, किंवा क्लाउडचे पैसे भरा. आणि दोन्हींच्या आधी दाराकडे बघा. चोर कुलुपाशी झटत नाही, कटावणीने कोयंडा उचकटतो, कारण तो बहुतेक घरांत पाऊण इंची स्क्रूंवर उभा असतो. ते काढून आरपार नट-बोल्ट टाका, नट आतल्या बाजूला. सुताराचं तासाभराचं काम आहे. जमल्यास दारातच बसणारं लॅचचं कुलूप घ्या. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घर बंद असल्याची पाटीच. दिवसाढवळ्या जळणारा पोर्चमधला दिवा आणि फाटकात साचलेले पेपर हीदेखील तसलीच पाटी. हे दोन्ही शेजारच्या काकू निस्तरतात, कॅमेरा नाही.

किल्ली देताना नुसती देऊ नका. घरातून फिरवून मेन स्विच आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह दाखवा. (गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी तुम्हीच लावून जा.) उन्हाळ्यात आठवड्याने एकदा बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा, खालच्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं) पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं सरळ घरात. दागिने लॉकरमध्ये ठेवा, म्हणजे किल्ली घेणाऱ्यावरही ओझं राहत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मात्र ‘शेजारी’ हा शब्दच बदलावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागाला तर पाणी आधी गाठतं, आणि तेव्हा शेजारी स्वतःचंच सामान माळ्यावर चढवत असतो. अशा वेळी किल्ली विश्रामबागेकडे किंवा मिरजेत राहणाऱ्या पाहुण्यांकडे हवी, आणि ४० फुटांची बातमी आली की त्यांनी काय उचलायचं हे आधीच ठरलेलं हवं: पहिल्यांदा मेन बंद, मग बॅटरी-इन्व्हर्टर, कागदपत्रं, गाद्या. निघताना तुम्हीच बॅटरीची ट्रॉली रिकामी करून बॅटरी भक्कम टेबलावर ठेवली तर त्यांचं निम्मं काम वाचेल. भरलेली बॅटरी ५०-६० किलोची असते, एकट्याने हलत नाही.

कॅमेरा सरस ठरतो तो दोन ठिकाणी: वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथे पुराची भीती नाही आणि खाली वॉचमन आहे; आणि मे किंवा दिवाळीच्या सुट्ट्या, जेव्हा अख्खी गल्लीच गावाला गेलेली असते. तिथेही किती दिवस घर बंद आहे ते पोलिस ठाण्यात कळवून जा. मोबाइलवर दारात कोणी अनोळखी दिसलंच, तर आपल्या ठाण्याचा नंबर आधीच सेव्ह केलेला असू द्या. दुसऱ्या राज्यातून ११२ लावला तर फोन तिथल्या कंट्रोल रूमला जातो.