फ्लॅटबुशमधलं हैतियन जेवण: आठ महिने खाल्ल्यावर

पहिल्या दिवशी मी त्या हैतियन रेस्टॉरंटच्या भिंतीवरच्या मेन्यूतले चार पदार्थ मागितले आणि चारही नव्हते. गल्ल्यावरच्या बाईंनी चारही वेळा शांतपणे मान हलवली. मी चिडले, जे होतं ते पार्सल घेतलं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही. ही २०२४च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. त्यानंतरचे आठ महिने आठवड्यातून एकदा तरी आम्ही तिथेच जेवतोय, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फ्लॅटबुश हा हैतियन, म्हणजे कॅरिबियनमधल्या हैती देशातून आलेल्या, लोकांचा जुना भाग. आमच्या सबवे स्टेशनचं नावच न्यूकर्क अ‍ॅव्हेन्यू–लिटल हैती. हे ‘लिटल हैती’ २०२१ मध्ये जोडलं गेलं. जवळच्या नॉस्ट्रँड अ‍ॅव्हेन्यूच्या काही भागाला तूसाँ लूव्हेर्त्यूरचं नाव आहे, रॉजर्स अ‍ॅव्हेन्यूला देसालीनचं. हैतीच्या स्वातंत्र्यलढ्यातली ही दोन मोठी माणसं. रेस्टॉरंटचं नाव मात्र देत नाही. काही तक्रारी सांगायच्या आहेत, आणि त्यासाठी त्या कष्टाळू माणसांचं नाव चव्हाट्यावर आणावंसं वाटत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, ती कळायला मला महिना लागला. भिंतीवरचा मेन्यू म्हणजे या स्वयंपाकघराला काय काय येतं त्याची यादी. आज काय शिजलंय ते विचारावं लागतं. हैतियन क्रेओलमध्ये ‘किसा नू गेन जोदी आ?’, म्हणजे आज काय काय आहे? मी हे वाक्य पाठ केलं त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा भांड्यांवरची झाकणं एकेक करून उघडून दाखवली. तेव्हापासून मी मेन्यूकडे बघितलेलं नाही.

सुरुवात करायची असेल तर ग्रियोने करा. डुकराच्या मांसाच्या मोठ्या फोडी आंबट संत्र्याच्या रसात आणि ‘एपीस’मध्ये मुरवतात. एपीस म्हणजे कांद्याची पात, लसूण, पार्सली, थाइम आणि मिरच्या यांचं हिरवं वाटण. आपल्याकडे घरोघरी आलं-लसणाचं वाटण करून ठेवतात तसं तिकडे हे. मांस आधी मऊ शिजवतात आणि मग तळतात, त्यामुळे बाहेरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत. पण हे दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. संध्याकाळी सातनंतर तेच ग्रियो काउंटरच्या दिव्याखाली वाळून चिवट होतं. मी तीनदा संध्याकाळी घेतलं आणि तिन्ही वेळा पस्तावले.

सोबत ‘बानान पेझे’ येतात, म्हणजे दाबलेली कच्ची केळी. बाकड्यावर बसून ती होताना बघायला मला अजूनही आवडतं. केळीचे तिरके जाड काप एकदा तळून बाहेर काढतात. मग बिजागरी लावलेल्या दोन लाकडी फळ्यांमध्ये प्रत्येक काप ठेवून तळहाताने एकच दाब देतात, की तो चपटा होऊन कडेने जरा फाटतो. मग मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा तेलात. पाणी लागल्यामुळे कढई मोठ्याने तडतडते आणि मागचा माणूस झारा हातात धरून एक पाऊल मागे सरकतो. फाटलेल्या कडा सगळ्यात आधी तांबूस होतात. ते काप गरम असतानाच खावेत. पार्सलच्या डब्यात दहा मिनिटांत मऊ पडतात, म्हणून हे जेवण शक्यतो तिथेच बसून जेवा.

आणि पिकलीझ! कोबी, गाजर, कांदा उभा पातळ चिरून स्कॉच बॉनेट मिरचीबरोबर व्हिनेगरमध्ये मुरवतात. तळणीचं जड जेवण या एका चमच्याने हलकं होतं. आपल्या ताज्या लोणच्यासारखं वाटेल, पण यात तेल नाही, फोडणी नाही. तिखट खायची सवय असली तरी पहिला घास बेताने घ्या. या मिरचीचा तिखटपणा जरा उशिरा चढतो आणि मग बराच वेळ उतरत नाही.

काळा भात, म्हणजे ‘दिरी जोनजोन’, इथला राजा पदार्थ. जोनजोन ही उत्तर हैतीतली वाळवलेली काळी अळंबी. ती पाण्यात भिजवतात, उकळतात, गाळून चोथा टाकून देतात आणि त्या काळ्या पाण्यात भात शिजवतात. भाताला लवंगेचा वास आणि मातीसारखी एक खोल चव येते. वर अख्खी मिरची न फोडता ठेवतात, तिचा फक्त सुगंध उतरतो. हा भात मला आठ महिन्यांत पाचच वेळा मिळाला. बाई म्हणाल्या, अळंबी महाग आहे आणि गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून यायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सला, विमानांवर गोळीबार झाला आणि अमेरिकी विमानं तिथे जायची थांबली, तेव्हापासून येणारी माणसं कमी झाली. हे कळल्यावर ‘आज जोनजोन नाही’ याचा मला कधी राग आला नाही.

डिसेंबरात आई यवतमाळहून आली. ती शाकाहारी, त्यामुळे तिला न्यायला मी घाबरत होते. बाईंना सांगितलं तर त्यांनी ‘लेगिम’च्या भांड्यावर हात आडवा धरला, हे नाही. वांगी, कोबी, चायोट (एक दुधीसारखी फळभाजी) घोटून केलेली भाजी दिसते, पण त्यात गोमांस आणि कधी खेकडाही असतो. त्यांनी दुसरं भांडं उघडलं: नारळाच्या दुधात शिजवलेला ‘प्वा काँगो’चा भात. त्यात मांस नाही, मांसाच्या अर्काची वडी, म्हणजे क्यूबही नाही, हे त्यांनी स्वयंपाकघरात विचारून येऊन सांगितलं. आईने एक घास घेतला, एक दाणा बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाली, ‘‘अगं, हे तर सोले! हा आपला सोलेभात आहे.’’

खरंच तूर होती ती. तूर मूळची भारतातली, आपल्याकडून आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांना नेणाऱ्या जहाजांच्या काळात कॅरिबियनमध्ये पोचली. म्हणून तिचं नाव ‘काँगोचा वाटाणा’. हिवाळ्यात आमच्याकडे ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला सगळं घर अंगणात बसतं, ते आईने मला भाषांतर करायला लावून बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडेही असंच बसतात. मग दोघी बराच वेळ एकमेकींना हातांनी शेंग सोलून दाखवत होत्या, आणि माझ्या भाषांतराची गरज उरली नाही.

१ जानेवारीला सूप जूमू. लाल भोपळ्याचं घट्ट सूप, त्यात गोमांस, कोबी, बटाटा, गाजर, शेवया किंवा पास्ता. फ्रेंच मळेवाल्यांच्या घरी हे सूप गुलामांनी रांधायचं, पण त्यांना ते प्यायची मुभा नव्हती, असं हैतीत सांगतात. १ जानेवारी १८०४ला देश स्वतंत्र झाला आणि त्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायलं. २०२१ मध्ये युनेस्कोने या सूपाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आम्ही सकाळी साडेसातला गेलो तर रांग कोपऱ्यापर्यंत, काही जण घरचं पातेलं घेऊन उभे. थंडी कडाक्याची होती. अनोळखी माणसं एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होती, आम्हालाही दिल्या. त्या दिवशी मी सूप प्यायले तेव्हा घशाशी काहीतरी दाटून आलं. एरवी रविवारीही हे सूप असतं, पण अकराच्या आत जा.

आता तक्रारी. वाट फार बघावी लागते, गर्दीत पाऊण तास सहज. बसायला पाचच टेबलं. आणि एक चूक गंभीर: फेब्रुवारीत आई असतानाच फोनवरून शाकाहारी राजम्याची पातळ उसळ, ‘सोस प्वा’, मागवली आणि डब्यात मांसाचे तुकडे निघाले. आईने घास घेतलेला नव्हता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं तर पैसे परत मिळाले आणि मनापासून माफीही मागितली, पण शाकाहारी माणसासाठी फोनवर ऑर्डर देऊ नका, समोर उभं राहून भांडं दाखवून घ्या. भातातसुद्धा कधी कोंबडीचा क्यूब असतो. केळी ग्रियोच्याच तेलात तळतात. मलांगा नावाच्या कंदाची ‘आक्रा’ भजी आमच्याकडे सगळ्यांना आवडतात, आईसाठी मात्र तीही नाहीत, कारण तेल तेच.

‘लांबी’, म्हणजे समुद्री शंखातल्या गोगलगायीचं मांस, शुक्रवारी येतं आणि दीडपर्यंत संपतं. शनिवारी ‘बुयों’, कंद आणि पालेभाज्या घातलेला दाट रस्सा, पावसाळी दिवशी याच्यासारखं काही नाही. आई जाताना पिकलीझची बरणी न्यायचा हट्ट धरून बसली होती. विमानात सांडेल म्हणून मी नेऊ दिली नाही, त्याऐवजी बाईंनी कृती सांगितली आणि मी ती मराठीत लिहून दिली. परवा फोन आला, यवतमाळात स्कॉच बॉनेट मिळत नाही, भिवापुरी घातली तर चालेल का विचार. रविवारी विचारणार आहे.