दुय्यम भिंगरोपण : जळगावातील एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव

मोतीबिंदू काढताना भिंग बसवायची नैसर्गिक पिशवीच फाटली, तर डोळा भिंगाविना राहू शकतो. अशा डोळ्यात नंतर वेगळ्या शस्त्रक्रियेने भिंग बसवणे म्हणजे दुय्यम भिंगरोपण. रावेर तालुक्यात केळीबाग सांभाळणाऱ्या आमच्या नानांच्या उजव्या डोळ्याचे नेमके तेच झाले होते. अशा डोळ्याला लागणारा साधारण +१० नंबरचा चष्मा त्यांना सोसेना, कारण त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसते आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या प्रतिमेशी ती जुळत नाही.

जळगावच्या या रुग्णालयाचे विशेष कौतुक अशासाठी, की डॉक्टरांनी पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या) आतील पेशींची मोजणी, डोळ्याचा दाब आणि पडद्याचे ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांची प्रतिमा घेणारी तपासणी) झाल्याशिवाय कोणताही पर्याय सुचवला नाही. परितारिकेच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीच्या) पुढे बसणारे भिंग झटपट बसते. मात्र ते पारपटलाच्या जवळ असल्याने तेथील पेशी, ज्या पुन्हा तयार होत नाहीत, कमी होत जाण्याची भीती असते. नानांच्या पेशी आधीच घटलेल्या असल्याने तो पर्याय बाद झाला. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला भिंग शिवण्याच्या पद्धतीत १०-० प्रोलिनचा बारीक धागा काही वर्षांनी तुटू शकतो. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांची, भिंगाचे पाय (कडेच्या बारीक तारा) पांढऱ्या भागात खोचून वरचा थर गोंदाने चिकटवण्याची ग्लूड पद्धत आणि जपानचे डॉ. शिन यामाने यांची, भिंगाचे पाय सुईतून बाहेर काढून टोके उष्णतेने फुगवण्याची पद्धत, या दोन्हींत तो धागाच लागत नाही. यामाने पद्धतीत घडीचे भिंग चालते व छेद लहान राहतो. परंतु दोन्ही पाय समान कोनात निघाले नाहीत तर भिंग तिरपे बसते, त्यामुळे सरावलेला हातच हवा.

नानांची परितारिका शाबूत असल्याने तिच्या मागे अडकवायचे आयरिस क्लॉ भिंग ठरले. डॉक्टरांनी नमुन्याचे भिंग त्यांच्या तळहातावर ठेवून दाखवले : दोन्ही कडांना खेकड्याच्या नांगीसारखी बारीक फट, जिच्यात परितारिकेची चिमूटभर घडी पकडली जाते. हे भिंग दुमडत नाही, म्हणून सुमारे साडेपाच मिलिमीटरचा छेद आणि टाके लागतात, त्यामुळे काही काळ तिरका (सिलिंड्रिकल) नंबर राहतो आणि बाहुली किंचित लांबट दिसू शकते, हेही आधीच सांगितले गेले. आता नाना त्या डोळ्याने हलक्या नंबरच्या चष्म्यासह वर्तमानपत्र वाचतात.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढण्याचा खर्च वेगळा असल्याचे भरतीच्या वेळी कळले. तो पहिल्याच अंदाजपत्रकात असायला हवा होता. येथे जाणाऱ्यांनी जुन्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड अवश्य न्यावे, कारण पिशवीचा कितपत आधार उरला असेल याचा पहिला अंदाज डॉक्टर त्यावरूनच बांधतात.