नवीन म्हणून तोच जुना वॉटर पंप परत बसवला, पद्मिनीवाल्यांनो सावध राहा

जुनी गाडी सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, फियाट, पद्मिनी, अॅम्बॅसेडर कुठलीही असो. गाडीचा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवतो तो) सारखा जात असेल आणि मेकॅनिक दरवेळी "नवीन टाकला" म्हणून पैसे घेत असेल तर पुढचा पंप बसवायच्या आधी हे वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण प्रकार जसा घडला तसा सांगतो.

आमची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, पुण्यात. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो, रोज नाही पण रविवारी आणि गावाला जाताना नक्की. आधीचे मेकॅनिक काका वयामुळे काम सोडून गेले आणि ओळखीतल्या एकाने हे नवीन गॅरेज सुचवलं, "जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट" म्हणून. सुरुवातीला पंपातून थेंब थेंब पाणी गळत होतं, बाकी काही नाही. त्याने बघितलं आणि म्हणाला, दादा पंप गेला, नवीन टाकावा लागेल, पण कंपनी बंद झालीय, ओरिजिनल माल मिळत नाही, माझ्याकडे जुन्या स्टॉकातला एक पीस आहे तो देतो. किंमत ऐकून धक्का बसला पण पटलं, कारण खरंच आहे ते, कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्याही बंद झाल्या, त्यामुळे पार्ट दुर्मिळ आहेत हे कुणालाही खरंच वाटतं. फसवणूक नेमकी इथेच चालते, "मिळत नाही" हे वाक्य अर्धं खरं असतं आणि त्याच्या आडून काहीही किंमत लावता येते.

पंप बसला, चकचकीत चंदेरी रंगाचा. काही महिने गाडी ठीक चालली आणि मग पुढून खरखर आवाज यायला लागला, खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला, बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर पंपाच्या मागून पाणी. परत गॅरेज, परत "बेअरिंग गेलं, पीसच डिफेक्टिव्ह निघाला, दुसरा टाकतो", परत पैसे, कारण म्हणे इलेक्ट्रिकल आणि पंपाला वॉरंटी नसते. मग परत तेच. जुना पंप मागितला की उत्तर ठरलेलं, भंगारवाला घेऊन गेला. आणि शेवटी शेवटी तर त्याने नवीनच सूर लावला, पंप सारखा जातोय म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, बोअरिंग करून घेऊ, पन्नास-साठ हजार धरून चाला.

हे ऐकल्यावर मी गाडी तिथून काढली आणि नाना पेठेत एका जुन्या फिटरकडे नेली, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आयुष्य फियाटमध्ये गेलेला माणूस. त्यांनी इंजिनला हातसुद्धा लावायच्या आधी ऑइलची डिपस्टिक ओढून बघितली, फिलर कॅप उघडून आतली बाजू बघितली. दुधाळ काही नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं नाही. मग गार इंजिनवर रेडिएटरची टोपी काढून गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का बघत बसले. नाहीत. मग प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर घेतलं, चारही जवळजवळ सारखे. म्हणाले, बेटा गॅस्केट एकदम ठीक आहे, कुणी सांगितलं इंजिन खोलायला?

मग पंप उतरवला आणि तो प्रकार माझ्यासमोर टेबलावर उघडा झाला. चाचांनी पॉलिश पेपर घेऊन थोडा चंदेरी रंग घासला तर खाली दुसरा चंदेरी थर, त्याच्या खाली गंजाचे खड्डे. पंपाचा बोल्ट बसतो त्या कानाचा कोपरा तुटलेला होता, आणि हा तुटका कोपरा मी ओळखतो, कारण वडिलांच्या काळात एकदा बोल्ट अडकला होता तेव्हा तो तुटला होता आणि मी तिथे टॉर्च धरून उभा होतो. म्हणजे पंप बदललेलाच नव्हता. आमचाच पंप रंग मारून मारून परत आम्हालाच विकत होता!

पुढचं तर अजून वाईट. पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं, वीप होल म्हणतात. पंपाच्या आत पाणी अडवणारं सील असतं आणि त्याच्या पुढे बेअरिंग. सील थोडं जरी झिजलं तरी झिरपलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर पडावं म्हणून कंपनीने ते ठेवलेलं असतं, तिथून थेंब दिसला की समजायचं सील संपत आलं. या माणसाने ते भोक एम-सील भरून बंद केलं होतं आणि वरून रंग. गळती दिसेनाशी झाली, गिऱ्हाईक खुश, पण आतलं पाणी जाणार कुठे, ते सरळ बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुवून काढलं, बेअरिंग खरखरलं, शाफ्ट हलायला लागला आणि हलणाऱ्या शाफ्टने उरलंसुरलं सीलही खाल्लं. आम्हाला दरवेळी जो "डिफेक्टिव्ह पीस" ऐकवला तो हा.

बेअरिंग बाहेर काढलं तर त्याच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. बॉडीतली बेअरिंगची बैठक ढिली झाली होती म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून शीम म्हणून घातला होता, पट्टीवर लाल रंग आणि अर्धी अक्षरं अजून दिसत होती. चाचांनी ती पट्टी माझ्या हातात दिली, काही बोलले नाहीत. ती पट्टी आणि पंप दोन्ही मी ठेवलेत, फोटोही काढलेत.

आता पंप सारखा का जात होता याचं मूळ कारणही त्यांनी शोधलं, आणि ज्यांना खरंच वारंवार पंप जाण्याचा त्रास आहे त्यांनी हे नीट बघावं. पद्मिनीत फॅन पंपाच्याच शाफ्टवर बसतो. त्यामुळे फॅनला जो काही हेलकावा असेल तो सगळा थेट पंपाच्या बेअरिंगवर. इंजिन बंद ठेवून चाचांनी एका पात्याच्या टोकाजवळ खडू धरला आणि फॅन हाताने फिरवला, एक पातं चांगलंच पुढे आलेलं, रेडिएटर काढघाल करताना कुणीतरी वाकवलेलं असणार. त्यात फॅनबेल्ट इतका ताणलेला की अंगठ्याने दाबला तरी हलेना. मधोमध दाबल्यावर साधारण सेंटीमीटरभर तरी दबला पाहिजे म्हणतात ते, नाहीतर पंपाचं आणि डायनामो किंवा अल्टरनेटरचं, दोघांचंही बेअरिंग ओढलं जातं. थर्मोस्टॅटही (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला होता, न विचारता. आणि पाणी? "कूलंट भरलंय" म्हणून बिल लावलं होतं, रेडिएटरातून निघालं ते गंजकट लाल बोअरचं पाणी. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, गंजाची कचकच पाण्याबरोबर फिरते आणि सीलचा गुळगुळीत चेहरा घासून टाकते, म्हणजे अगदी खरा नवीन पंप टाकला असता तरी या पाण्यात तो फार टिकला नसता.

चाचांनी दुसरी चांगली बॉडी शोधली, सील आणि बेअरिंग नवीन, माझ्यासमोर प्रेसवर बसवलं, पंपाच्या आतला पाणी ढकलणारा पंखा भिंतीला घासत नाही ना ते फिरवून दाखवलं. ब्लॉक आणि रेडिएटर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, फॅन बदलला, थर्मोस्टॅट परत टाकला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं कूलंट. सगळ्याचं मिळून बिल त्या पहिल्याच्या एका "नवीन" पंपापेक्षा कमी. त्यानंतर उन्हाळ्यात गावाला जाऊन आलो, काटा मधेच.

तो पंप घेऊन मी त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला हा पंप माझा नाहीच, तुम्ही दुसरीकडून आणलाय. पण त्याच्याच लेटरहेडवर "न्यू वॉटर पंप" असं लिहिलेली बिलं माझ्याकडे होती, कारण वडिलांची सवय, कागद टाकायचा नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, तक्रार नोंदवली आणि त्याला सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, तिथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नसते आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मग पंपांचे पैसे परत आले. लेबरचे आले नाहीत. ज्यांच्याकडे नुसत्या चिठ्ठीवर आकडा लिहिलेला आहे त्यांचं मात्र अवघड आहे, म्हणून पार्टच्या नावासकट बिल मागाच, कितीही ओळखीचा असला तरी.

आणि काम द्यायच्या आधीच सांगून ठेवा की काढलेला पार्ट मला परत हवाय. पंप गाडीत असतानाच त्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शक्य असेल तर न दिसणाऱ्या जागी पंचने एक खूण करून ठेवा. नवीन पंप हातात घेऊन खालचं भोक मोकळं आहे का बघा, काडी घालून बघा. शाफ्ट फिरवून, हलवून बघा. ताजा रंग असेल तर नखाने खरवडा, चांगला दुकानदार त्यावर रागावत नाही. गरम रेडिएटरची टोपी मात्र कुणी सांगितलं तरी उघडू नका, हात भाजतो.

त्याच गॅरेजने गाडीतला पेट्रोल पंप आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देतो तो) "नवीन" म्हणून बदललाय. पेट्रोल पंपाची तपासणी थांबू शकते, ब्रेकची नाही, म्हणून मास्टर सिलिंडर उतरवून तपासेपर्यंत गाडी दारातून हलवत नाहीये. पुण्यात आणखी कुणी जुनी गाडी अशा ठिकाणी दिली असेल तर आधी ब्रेक उघडून बघा, पंप नंतर.