कपातीची तीन बिलं: ग्रीस, पोर्तुगाल आणि ब्रिटन

लाडक्या बहिणीचे दीड हजार चालू ठेवावेत की थांबवावेत, यावर घराघरांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, तिजोरीत खडखडाट आहे, आधी हे वाटप बंद करा. दुसरा म्हणतो, कात्री लावायची वेळ आली की ती नेमकी गरिबाच्याच ताटाकडे कशी वळते? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून वाद मिटत नाही. ज्यांना अजून कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवायचंय, त्यांच्यासाठी तीन देशांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडतो. २००८ च्या मंदीनंतर तिघांनीही सरकारी खर्च कापला आणि तिघांनीही जनतेला सांगितलं की दुसरा इलाज नाही. निकाल मात्र तीन तऱ्हांचे लागले.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला तपासता येईल. नुसता बेरोजगारीचा आकडा बघून कपात तोलली तर फसायला होतं. गळतं छप्पर एका जागी बुजवलं की पाणी दुसरीकडून ठिबकतं, तसं कपातीचं आहे. ती कुठून फुटून निघाली ते शोधावं लागतं.

ग्रीसपासून सुरुवात करू, कारण तिथे काहीच लपलं नाही. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं कर्ज मिळालं, २०१२ मध्ये आणखी १३० अब्ज. बदल्यात पगार, पेन्शन, दवाखाने, सगळ्यांवर कुऱ्हाड. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी खाली आणलं: महिना ७५१ युरोंचे ५८६. पंचविशीच्या आतल्यांना ३२ टक्क्यांची कपात. बेकारभत्ता ४६१ वरून ३६०, तोही जास्तीत जास्त वर्षभर. हेतू असा की मजुरी स्वस्त झाली की कारखानदार माणसं घेतील. झालं उलटंच. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर गेली आणि तरुणांमध्ये निम्म्याहून जास्त जण रिकामे बसले. पाच-सहा वर्षांत अर्थव्यवस्था जवळपास पाव हिस्सा आकसली.

असं का झालं, याचं उत्तर कर्ज देणाऱ्यांच्याच वहीत सापडलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये जुने अंदाज तपासले. सरकारने एक रुपया कापला तर अर्थव्यवस्था पन्नासेक पैशांनी आकसेल, असं गृहीत धरलेलं होतं. मंदीत प्रत्यक्षात ती ९० पैशांपासून १ रुपया ७० पैशांपर्यंत आकसत होती. सगळे एकाच वेळी हात आखडता घेतात तेव्हा एकाचा वाचलेला खर्च म्हणजे दुसऱ्याचं बुडालेलं गिऱ्हाईक असतं. त्यात ग्रीसची गंमत अशी (गंमत कसली!) की ज्या कर्जासाठी हे सगळं चाललं होतं तेही हलकं झालं नाही. सावकारांनी २०१२ मध्ये १०० अब्ज युरोंहून अधिक रकमेवर पाणी सोडलं, तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत २००९ ला साधारण १२७ टक्के असलेलं कर्ज पाच वर्षांनी १८० टक्क्यांच्या घरात पोचलं. भाजक आकसला की भागाकार फुगणारच.

आकड्यांपेक्षा मला दोन गोष्टी जास्त सांगून जातात. २०११ मध्ये सरकारने घरपट्टीसारखा नवा कर थेट विजेच्या बिलात घातला, म्हणजे चुकवायची सोय नाही. कर थकला की वीज तोडायची. लोकांनी त्याला नाव दिलं ‘हरात्सी’. आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला ‘खराज’ तो हाच शब्द, तुर्की अमलातून ग्रीकमध्ये उतरलेला. पुढच्या वर्षी घर गरम ठेवायच्या तेलावरचा कर वाढवला. लोकांनी तेल घेणं सोडलं आणि शेकोटीत मिळेल ते लाकूड जाळायला सुरुवात केली; त्या हिवाळ्यात अथेन्स आणि थेसालोनिकीवर रात्री धुराचा थर बसायचा. करवाढ कागदावर यशस्वी होती, फक्त ज्यावर कर बसवला ती वस्तूच खपेना.

दुसरी गोष्ट आरोग्यविम्याची. तो नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली, वर्षभराने भत्ता संपला, पाठोपाठ विमाही गेला. अथेन्सजवळ जुन्या विमानतळाच्या आवारात, हेलिनिकोला, डॉक्टरांनी स्वयंसेवेवर दवाखाना काढला आणि लोकांच्या घरी उरलेल्या गोळ्या गोळा करून त्यावर तो चालवला. विमा नसलेल्यांना सरकारी दवाखान्याचं दार कायद्याने उघडलं ते २०१६ मध्ये. या काळात कित्येक घरं आजी-आजोबांच्या पेन्शनवर चालली, आणि पेन्शनही पुन्हा पुन्हा कापली जात होती.

इथे गरिबीच्या मोजमापाबद्दल एक सावधगिरी. युरोपात गरिबीची रेषा देशातल्या मधल्या उत्पन्नावरून ओढतात. सगळेच खाली घसरले की रेषाही खाली घसरते. त्यामुळे ग्रीसचा अधिकृत दर २० वरून २३ टक्क्यांपर्यंतच गेलेला दिसतो. तीच रेषा २००८ च्या जागी खिळून ठेवली तर ४० टक्क्यांहून जास्त लोक तिच्या खाली येतात. कुणी ‘गरिबी फारशी वाढली नाही’ असं म्हणून आकडा पुढे केला, तर आधी रेषा कुठली ते विचारा.

पोर्तुगालचं कर्ज मे २०११ चं, ७८ अब्ज युरो. औषध जवळपास तेच, पण घशाखाली उतरवणारे आणि अडवणारे वेगळे. तिथे सरकारी नोकरांना आणि पेन्शनरांना वर्षाला तेरावा आणि चौदावा पगार मिळतो. आपल्या बोनससारखा, पण हक्काचा. सरकारने तो थांबवायचं ठरवलं. जुलै २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं, ओझं फक्त याच लोकांवर टाकणं समतेच्या तत्त्वात बसत नाही. त्या वर्षापुरती कपात राहू दिली, पुढे नाही. एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा तसाच निकाल आला. मधल्या सप्टेंबरात कामगारांचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता ११ वरून १८ टक्के करायचा आणि मालकांचा कमी करायचा असा बेत निघाला होता. १५ सप्टेंबर २०१२ ला लोक इतक्या संख्येने रस्त्यावर आले की तो गुंडाळावा लागला. म्हणजे कपात झालीच, पण तिला ब्रेक होते.

तरी २०१३ च्या सुरुवातीला बेरोजगारी १७ टक्क्यांच्या वर गेलीच. आणि पोर्तुगालमध्ये पाणी ठिबकलं ते विमानतळावर. पंतप्रधान पासोस कोएल्यो यांनीच २०११ च्या अखेरीस बेकार शिक्षकांना ब्राझील-अंगोलाकडे बघा असं सुचवलं. त्या वर्षांत लाखो लोक देश सोडून गेले, त्यांत ब्रिटनच्या रुग्णालयांत गेलेल्या परिचारिका बऱ्याच. गेलेला माणूस बेरोजगारांच्या यादीतून आपोआप गळतो, त्यामुळे पुढे आकडा उतरला त्यातला काही भाग या रिकाम्या झालेल्या घरांचा आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये अंतोनियो कोस्ता यांचं सरकार आलं. या कोस्तांच्या वडिलांकडचं घराणं गोव्याचं, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्यांनी कापलेले पगार परत केले, बंद केलेल्या चार सार्वजनिक सुट्ट्या परत दिल्या, किमान वेतन ५०५ युरोंवरून टप्प्याटप्प्याने २०१९ पर्यंत ६०० वर नेलं. तूट भडकेल अशी भीती घातली जात होती. २०१९ मध्ये अर्थसंकल्प चक्क शिलकीत गेला आणि बेरोजगारी साडेसहा टक्क्यांवर आली.

कपातीचे विरोधक इथेच टाळ्या वाजवून थांबतात. मी थांबणार नाही. एक तर पर्यटनाची लाट आणि युरोपियन मध्यवर्ती बँकेने स्वस्त केलेलं कर्ज या दोन्ही गोष्टी कोस्तांच्या पथ्यावर पडल्या. दुसरं म्हणजे त्यांचं सरकार खर्च मंजूर करायचं आणि अर्थमंत्री त्यातला काही पैसा अडवून ठेवायचे. पगारवाढ दिसायची; नवा रूळ, रुग्णालयातलं नवं यंत्र अडलेलं दिसायचं नाही. सरकारी गुंतवणूक तळाला गेली. कपात संपली नव्हती, पगाराच्या पाकिटातून निघून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसली होती.

ब्रिटनचं प्रकरण कपातीच्या समर्थकांना सर्वांत आवडतं. जून २०१० मध्ये तिथले अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कात्री काढली. बेरोजगारी २०११ च्या अखेरीस साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती, २०१९ पर्यंत चारच्याही खाली आली. मग कपात चांगलीच की!

तिथल्या कपातीचे तपशील बघा. २०१३ पासून सरकारी भाड्याच्या घरात एक खोली ‘जास्त’ असेल तर घरभाड्याची मदत १४ टक्क्यांनी कमी, दोन असतील तर २५. २०१६ पासून चार वर्षं काम करत्या वयातल्यांचे बहुतेक भत्ते गोठवले, महागाई वाढो न वाढो. एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला मदत नाही (ही अट काढायचं जाहीर झालं ते थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये). सगळे भत्ते एकत्र करून आणलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये अर्ज केल्यावर पहिला पैसा हातात पडायला पाच आठवडे. पाच आठवडे काय खायचं? ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी २०१०-११ मध्ये सुमारे ६१ हजार शिध्याची पाकिटं दिली होती. २०१९-२० मध्ये १९ लाख. या वाढीत नव्या पेढ्या उघडल्या गेल्याचाही वाटा आहे, पण उघडाव्या लागल्या हेही त्यात आलं.

लोक कामाला लागले हे खरं. पण गरिबीत राहणाऱ्या दर दहा मुलांपैकी सात-आठ मुलांच्या घरात कुणी ना कुणी नोकरी करत होतं. म्हणजे गरिबीने बेकाराचं घर सोडून कामगाराचं घर धरलं. बेरोजगारीच्या आकड्याला हे दिसत नाही. म्हाताऱ्यांना मात्र फारशी झळ बसली नाही: पेन्शन महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतलं जे जास्त असेल तेवढी दरवर्षी वाढत राहिली. म्हातारे मतदानाला जातात, मुलांना मत नसतं. आणि आपले मराठी लोक वर्क व्हिसावर तिथे गेलेत, त्यांच्यासाठी हा सगळा वाद लांबूनच बघायचा. त्यांच्या परवान्यावर सार्वजनिक निधीतून मदत मिळणार नाही अशी अट असते, कर मात्र पूर्ण.

आता ठरवायचं कसं?

पहिली गोष्ट, कोणाशी तुलना करतोय ते बघा. ब्रिटनकडे स्वतःचा पाउंड होता, अडचणीत त्यांची बँक पैसा ओतू शकत होती. ग्रीस आणि पोर्तुगालला ती सोय नव्हती. महाराष्ट्र या बाबतीत ग्रीसच्या रांगेत उभा आहे: नोटा छापायचा अधिकार मिंट रोडला, म्हणजे रिझर्व्ह बँकेला, मंत्रालयात नाही, आणि कर्ज किती काढायचं यावर केंद्राची मर्यादा. म्हणून ‘सरकार आहे, पैसा आणेल कुठूनही’ हे राज्याच्या बाबतीत खरं नाही.

पण ‘कपात केली तर आपलाही ग्रीस होईल’ हेही तितकंच कच्चं. ग्रीसने मंदीत कापलं. आपली अर्थव्यवस्था आज आकसत नाहीये. ज्यांना लाडकी बहीण वाचवायचीय त्यांनी ग्रीसचा दाखला देऊ नये, तो टिकणार नाही. दुसऱ्या बाजूने, योजना बंद केल्यावर बेरोजगारी वाढली नाही तर ‘बघा, काही झालं नाही’ असं म्हणायचीही सोय नाही. आपल्याकडे कामगाराला ग्रीससारखा बेकारभत्ताच नाही, त्यामुळे गरीब माणसाला बेकार राहणं परवडत नाही. तो पडेल त्या मजुरीला जातो, बाई दोन घरांची धुणीभांडी जास्त धरते, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. आकड्यांत ते सगळे ‘रोजगारात’.

मला विचाराल तर मी योजनांची वेगळी विभागणी करेन. काही खर्च वाईट वर्षात आपोआप वाढतात आणि चांगल्या वर्षात कमी होतात. रोजगार हमी त्यातली. १९७२ च्या दुष्काळात रुजलेली, १९७७ ला महाराष्ट्राने कायद्यात बांधलेली: पाऊस पडला की मजूर शेतात जातो, नाही पडला की नमुना ४ भरून काम मागतो. (केंद्राने अलीकडे या हमीचा साचाच बदललाय, तो वेगळा विषय.) दीड हजाराचा हप्ता सुकाळात, दुष्काळात सारखाच. २०२४ मध्ये त्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला होता, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले. यातल्या एकाला हात लावायचाच असेल तर मी हप्त्याची व्याप्ती आधी बघेन, रोजगार हमीचं मस्टर (मजुरांचा हजेरीपट) शेवटी. ज्या बाईचं घर त्या हप्त्यावर चालतं तिला हे पटणार नाही, आणि तिचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही.

पोर्तुगालच्या अर्थमंत्र्यांची युक्ती आपल्या कचेऱ्यांत कुणाला नवी वाटणार नाही. ‘बीम्सवर (राज्याच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) तरतूद दिसतेय, वितरण नाही,’ हे वाक्य कुठल्याही जिल्हा परिषदेत ऐकायला मिळेल. योजना बंद झाल्याचा जीआर निघत नाही, मोर्चा येत नाही, आणि पैसा जागेवरच राहतो. तेव्हा पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्प आला की भाषण सोडून द्या. आपल्याला ज्याची काळजी आहे ते लेखाशीर्ष (त्या योजनेच्या खर्चाची नोंद) काढा आणि चालू वर्षाचे दोन रकाने शेजारी ठेवा: अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किती खाली आहे ते बघा.